मंदी, पाळणाघर आणि कपाटातले सोने

चिंचवडच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे यजमान चाकणला वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात आहेत. तीन महिन्यांपासून ओव्हरटाइम बंद आहे, कामाचे दिवस आठवड्याला सहावरून चारवर आले आहेत आणि कपातीची कुजबुज सुरू आहे. ताई स्वतः एका छोट्या कंपनीच्या हिशेब विभागात दरमहा 15,000 रुपयांवर काम करतात. सासरच्या मंडळींचे म्हणणे असे की, पाळणाघराचे 5,000 आणि रिक्षाचे 1,500 वाचतील, तेव्हा ताईंनी काही दिवस घरी बसावे. यजमानांचे म्हणणे असे की, तोवर सोने ठेवून आणि ताईंच्या नावावर वैयक्तिक कर्ज काढून घराचे हप्ते चालू ठेवावेत. मंदीचा बायकांवर काही वेगळा परिणाम होतो का, की साऱ्या घरावर होतो तोच, आणि आपण नेमके काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

आधी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात आणि नंतर बचत गटांबरोबर मिळून मी अठ्ठावीस वर्षे हे काम केले आहे. माझे उत्तर असे की परिणाम वेगळा होतो, पण तो कुठल्याही एका कागदावर दिसत नाही. पुरुषाचा पगार कमी झाला की तो पगारपत्रकावर उमटतो, त्याची बातमी होते, युनियन असेल तर गेटवर सभाही होते. बाईचे नुकसान मात्र विखुरलेले असते: थोडे गहाण पडलेल्या दागिन्यात, थोडे मोडलेल्या भिशीत, थोडे तिच्या नावावर निघालेल्या कर्जात आणि बरेचसे सोडलेल्या नोकरीत. घर अडचणीत आले की तिच्याजवळचे आधी बाहेर निघते, आणि दिवस पालटले की तिचे परत करण्याची आठवण सर्वांत शेवटी होते, किंवा होतच नाही. यात कोणाचा दुष्टपणा असतोच असे नाही. बहुतेक वेळा ती स्वतःच पुढे होऊन काढून देते.

2019 चा पावसाळा आपल्या भागातल्या अनेकांना आठवत असेल. त्या वर्षी जुलैत देशातली प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या जुलैपेक्षा सुमारे 31 टक्क्यांनी घटली होती, आणि भोसरी-चाकणच्या लहान वर्कशॉपमध्ये कंत्राटी कामगारांना सर्वांत आधी घरी पाठवले जात होते. त्या काळात एका गटाच्या वह्या मी तपासत होते. अंतर्गत कर्जाच्या रकान्यात पूर्वी ‘शिलाई मशीन’, ‘शाळेची फी’, ‘दवाखाना’ अशी कारणे असायची. ऑगस्टपासून ओळीने सात जणींपुढे ‘व्यवसाय’ असे लिहिलेले दिसले. कोणता व्यवसाय, असे विचारल्यावर अध्यक्षबाई जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, ‘किराणा’ लिहायला बरं नाही वाटलं त्यांना.” त्या सातपैकी पाच जणींचे नवरे एकाच पट्ट्यातल्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे यंत्रावर पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या वर्कशॉपमध्ये, कामाला होते. बँकेच्या दप्तरी मात्र त्या गटाचे व्यवसायकर्ज वाढले, म्हणजे गटाची प्रगती झाली, अशीच नोंद झाली असणार.

कामाच्या बाबतीत मंदी बायकांना दोन उलट दिशांना ढकलते, आणि हे लक्षात न घेतल्यामुळे पुष्कळ गैरसमज होतात. ज्या घरात थोडी शिल्लक आहे तिथली शिकलेली बाई कामावरून बाहेर पडते, कारण तिचा पगार घरात ‘वरचा’ धरलेला असतो आणि पाळणाघराचा खर्च त्यातून वजा केला जातो. ज्या घरात शिल्लक नाही तिथली बाई कामात येते, आणि मिळेल त्या दराने येते: दोन घरची धुणीभांडी, फॉल-पिको, पोळी-भाजी केंद्रात शेकड्यावर पोळ्या लाटणे. पहिली बाई बेरोजगार म्हणून मोजली जात नाही, कारण ती काम शोधत नाही. दुसरी रोजगारात मोजली जाते, कारण ती काहीतरी करते आहे. मंदीच्या काळात बायकांच्या रोजगाराचा आकडा सुधारलेला दिसला तर त्यावर लगेच टाळ्या वाजवू नयेत, असे मी गटांच्या प्रशिक्षणात नेहमी सांगते.

सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात 15 वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबलातला, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या लोकांतला, सहभाग 2017-18 मध्ये 23.3 टक्के होता आणि 2023-24 मध्ये तो 41.7 टक्क्यांवर गेला. हा बदल लहान नाही. पण त्यातली मोठी वाढ स्वयंरोजगारात आहे, आणि या स्वयंरोजगारात घरच्या शेतीवर किंवा दुकानात बिनपगारी हातभार लावणाऱ्या स्त्रियाही धरलेल्या असतात. पगारी नोकरीचे चित्र वेगळे आहे. 2020 च्या टाळेबंदीनंतर पुरुष आणि स्त्रिया सारख्या वेगाने कामावर परतल्या नाहीत. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या 2021 च्या अहवालानुसार, टाळेबंदीत काम गमावून त्या वर्षाच्या अखेरपर्यंत परत न येऊ शकलेल्यांचे प्रमाण पुरुषांत 7 टक्के होते, तर स्त्रियांत ते 47 टक्के होते. ताई, तुमच्या घरी ‘काही दिवस’ हा शब्द ज्या सहजपणे वापरला जातो आहे, त्याच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहा.

घरातल्या कामाचेही तसेच आहे. 2019 च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला 299 मिनिटे देत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष 97 मिनिटे. पैशाची चणचण आली की जे पूर्वी विकत यायचे ते घरी होऊ लागते: पीठ, मसाले, शिकवणी, आजाऱ्याची शुश्रूषा, धुणेभांडी. घराचा खर्च तेवढा वाचतो, पण ज्या कामवाल्या बाईला कामावरून काढले तिची मिळकत जाते आणि जी घरात आहे तिच्या 299 मिनिटांत भर पडते. मंदी अशी एका बाईकडून दुसरीकडे सरकते. 2021 च्या निर्बंधांच्या वेळी राज्याने नोंदणीकृत घरकामगारांना 1,500 रुपयांचे साहाय्य जाहीर केले होते, पण त्यातला ‘नोंदणीकृत’ हा शब्द महत्त्वाचा होता. माझ्या ओळखीच्या वस्तीतल्या बहुतेक जणींनी ही नोंदणी करणाऱ्या घरकामगार कल्याण मंडळाचे नावसुद्धा ऐकलेले नव्हते.

हे आजचे आहे असेही नाही. 18 जानेवारी 1982 ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, तेव्हा खानावळी चालवणाऱ्या बायकांचा प्रश्न संपाच्या कुठल्याच मागणीपत्रात नव्हता. खानावळवाली महिनाभर कामगारांना उधारीवर जेवू घालायची, त्यासाठी वाण्याकडून माल उचलायची किंवा सावकाराकडे दागिना ठेवायची, आणि पगाराच्या दिवशी तिचे चक्र पुरे व्हायचे. पगारच थांबल्यावर जेवणारा गावी जाऊ शकत होता. तिची वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज मात्र गिरणगावातच राहणार होते. या बायकांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्येच अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले होते, हे त्या दृष्टीने फार दूरचे पाहणे होते. आमच्या पिढीने कर्जाचे जे काही काम केले त्याची मुळे तिथे आहेत.

आता तुमच्या घराकडे वळते, आणि आधी नोकरीचा हिशेब मांडते, कारण घरच्यांनी मांडलेला हिशेब अर्धवट आहे. पंधरा हजारातून भविष्य निर्वाह निधीचे 12 टक्के म्हणजे 1,800 आणि कर्मचारी राज्य विमा योजनेचे (ईएसआय) शंभर-सव्वाशे रुपये जाऊन तुमच्या हातात साधारण 13,000 येत असतील. त्यातून पाळणाघर आणि रिक्षा वजा केली तर 6,500 उरतात, आणि ‘साडेसहा हजारासाठी एवढी धावपळ कशाला’ हे वाक्य इथून निघते. पण तुमचे 1,800 कोणी खाल्लेले नाहीत, ते तुमच्याच खात्यात आहेत. तेवढेच 1,800 कंपनी भरते, त्यातले सुमारे 1,250 निवृत्तिवेतन योजनेत जातात आणि बाकीचे तुमच्या निधीत. त्या निवृत्तिवेतनाला दहा वर्षांची सेवा लागते, म्हणजे मध्येच नोकरी सोडली की तो काटा तिथेच थांबतो.

याहून मोठी गोष्ट दवाखान्याची आहे. तुम्ही राज्य विमा योजनेत असाल, आणि 21,000 पर्यंतच्या पगाराला ती लागू होते, तर तुमच्या कार्डावर मुलांसह तुमच्या यजमानांवरही उपचार होऊ शकतात. त्यांची नोकरी गेली तर कंपनीचा मेडिक्लेम त्याच दिवशी संपतो, आणि नेमक्या त्याच काळात घरातले एकमेव आरोग्यकवच तुमच्या साडेसहा हजारांच्या नोकरीतून मिळत असेल. मंदीत घरे बुडतात ती किराण्याने क्वचितच. ती एका शस्त्रक्रियेच्या बिलाने बुडतात, हे मी वसुलीच्या फायली पाहून सांगते आहे.

शिवाय पाळणाघराचा खर्च तुमच्या पगारातूनच का वजा करायचा, हा साधा प्रश्न घरात विचारला पाहिजे. मूल दोघांचे आहे. यजमानांचे कामाचे दिवस चारवर आले असतील तर उरलेल्या दोन दिवसांत ते मुलाला सांभाळू शकतात आणि पाळणाघराशी चार दिवसांचा दर ठरवता येतो. हे सुचवल्यावर सासूबाईंच्या चेहऱ्यावर काय उमटेल याची मला पूर्ण कल्पना आहे, तरीही सुचवा.

कपात तुमच्याच कंपनीत आली तर एक पथ्य पाळा. अशा वेळी बायकांना बोलावून गोडीत सांगतात की स्वतःहून राजीनामा दिलात तर अनुभवाचे पत्र चांगले देऊ. स्वतःहून राजीनामा दिला की ‘मला काढले’ असे पुढे म्हणता येत नाही आणि नुकसानभरपाईचा दावा पडतो. काढायचे असेल तर लेखी द्या, एवढे शांतपणे म्हणा आणि त्या दिवशी कुठेही सही करू नका. पाच वर्षे पूर्ण झाली असतील तर ग्रॅच्युइटीचा अर्ज वेगळा करा. प्रसूतिरजेवर असताना काढून टाकण्यास कायद्याने मनाई आहे, तरी मंदीत पहिले नाव गर्भवतीचे किंवा नुकत्याच परतलेल्या बाईचे निघते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

सोन्याबद्दल माझे मत बऱ्याच जणांना रुचत नाही. आपल्याकडे सोने विकणे अशुभ आणि गहाण ठेवणे तात्पुरते मानतात, त्यामुळे बायका सारेच्या सारे दागिने ठेवतात आणि विकत एकही नाहीत. अडचण कधी संपणार हे ठाऊक असेल, म्हणजे भिशी लागायची आहे, निधीचे पैसे यायचे आहेत, तर सोनेतारण ठीक आहे. पण पगार कधी सुरू होईल याचा अंदाजच नसेल, तर एखादा लहान दागिना विकून सहा महिने काढणे हे सगळे गहाण ठेवून वर्षाने लिलावाची नोटीस घेण्यापेक्षा स्वस्त पडते. ऑगस्ट 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सोन्याच्या किमतीच्या 75 ऐवजी 90 टक्क्यांपर्यंत कर्ज देण्याची मुभा काही महिन्यांसाठी दिली होती. लोकांना तो दिलासा वाटला. त्याच सुमारास सोने दहा ग्रॅमला 56,000 च्या आसपास होते आणि पुढच्या मार्चपर्यंत ते 45,000 च्या खाली उतरले. ज्यांनी वरच्या भावाला पूर्ण उचल घेतली होती त्यांचे कर्ज व्याजासह दागिन्याच्या किमतीपुढे गेले. उचल कमी घ्यावी, याचे याहून चांगले उदाहरण माझ्याजवळ नाही.

ठेवायचेच ठरले तर काउंटरवर उभे राहून पाहा. मूल्यांकन करणारा मंगळसूत्र कसोटीवर घासतो, काट्यावर ठेवतो आणि मग काळ्या मण्यांचे, लाखेचे, खड्यांचे वजन वजा करतो. घरी पाच तोळे म्हणून ओळखला जाणारा दागिना पावतीवर चारच्याही आत येतो. ते निव्वळ वजन आणि शुद्धता पावतीवर लिहिलेली आहे का, हे वाचा, दागिन्याचा फोटो काढून ठेवा, आणि कर्ज तुमच्याच नावाने घ्या. पत्नीचे दागिने नवऱ्याच्या, दिराच्या किंवा मित्राच्या नावाने ठेवले की सोडवण्याचा हक्क त्या नावाकडे जातो. स्त्रीधन ही स्त्रीची स्वतःची मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच स्पष्ट केले आहे. पण तारणाच्या काउंटरला निकाल ठाऊक नसतो, त्याला पावतीवरचे नाव ठाऊक असते. घरासाठी काय दिले, किती वजनाचे, कोणत्या तारखेला, हे एका वहीत लिहा आणि त्याखाली यजमानांची सही घ्या. हा अविश्वास नाही. कंपनीत तुम्ही रोज हेच करता.

वैयक्तिक कर्ज काढून गृहकर्जाचे हप्ते भरणे मात्र मला अजिबात मान्य नाही. त्याचा दर अनेकदा गृहकर्जाच्या दीडपट ते दुप्पट असतो, म्हणजे स्वस्त कर्ज फेडण्यासाठी महाग कर्ज घ्यायचे आणि तेही घरात सर्वांत कमी पगार असलेल्या माणसाच्या नावावर. हप्ते थकले की सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, तुमची खराब होणार. त्याआधी घराची कागदपत्रे काढून पाहा. कित्येक घरांत बाई सहकर्जदार असते आणि मालकीच्या कागदावर तिचे नावच नसते. फेडायला दोघे, मालक एक. तुमचे तसे निघाले तर ही बोलणी करण्याची वेळ हीच आहे, कारण घरच्यांना या घडीला तुमची सही हवी आहे.

गटांतल्या ज्या मैत्रिणी मायक्रोफायनान्सच्या आठवड्याच्या हप्त्यांत अडकल्या आहेत त्यांच्यासाठी दोन गोष्टी जाता जाता सांगते. 2022 पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार घरातल्या सर्व कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होतील असे नवे कर्ज देता येत नाही, आणि वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर दारात येता येत नाही. अर्ज भरताना एजंट उत्पन्न फुगवून लिहितो ते याच निम्म्याच्या अटीसाठी. तो रकाना स्वतः वाचल्याशिवाय अंगठा किंवा सही देऊ नका.

लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे 1,500 रुपये ज्यांना मिळतात त्यांना मी फक्त एकच विचारते, खात्याला जोडलेला मोबाइल नंबर कोणाचा आहे? दहा जणींत चार-पाच जणी तरी नवऱ्याचा किंवा मुलाचा सांगतात. ओटीपी ज्याच्या फोनवर येतो, खाते व्यवहारात त्याचे असते. 2020 मध्ये महिलांच्या जनधन खात्यांत तीन महिने 500 रुपये आले, तेव्हाही ते आल्याचे पुष्कळ जणींना शेजारणीकडून कळले होते.

विम्याचे एक कलम मात्र जरूर लक्षात ठेवा, कारण ते फारसे कोणी सांगत नाही. 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली नवऱ्याने स्वतःची पॉलिसी पत्नी-मुलांच्या लाभासाठी घेतली, तर ती रक्कम त्याला कर्ज देणाऱ्यांना ओढून घेता येत नाही. अट इतकीच की हे पॉलिसी घेतानाच नमूद करावे लागते, मागाहून जोडता येत नाही. यजमान नवी मुदत विमा पॉलिसी घेणार असतील तर त्यासाठीचा वेगळा फॉर्म मागून घ्या.

राहिला गृहकर्जाचा हप्ता. हप्ता थकल्यावर 90 दिवसांनी खाते अनुत्पादित, म्हणजे थकबाकीत गेलेले (एनपीए), ठरते आणि त्यानंतर जप्तीच्या कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस येते. बँक ऐकून घेते ती पहिल्या 90 दिवसांत, खरे तर पहिला हप्ता चुकण्याच्याही आधी. म्हणून कपातीच्या पत्राची वाट पाहू नका. यजमानांची गेल्या सहा महिन्यांची पगारपत्रके जोडा, ओव्हरटाइम आणि कामाचे दिवस कमी झाल्याने उत्पन्न किती घटले ते दोन ओळींत लिहा आणि मुदत वाढवून हप्ता कमी करून मिळावा, असा अर्ज दोघांच्या सहीने शाखेत द्या. हप्ता पुढे ढकलून देतो असे म्हणाले तर त्या काळातले व्याज कुठे जाणार, हे विचारा, कारण 2020 च्या सवलतीत हप्ते थांबले होते, व्याज थांबले नव्हते, आणि पुष्कळ घरांना ते सप्टेंबरनंतर उमगले. अर्ज दोन प्रतींत न्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही अशी पोच मिळाल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.